शेवटची अकरा मिनिटं

४ जानेवारी

मेव्हण्या,

फोन का करत नाही, असं विचारतोस. फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि माझं बोलणं वाया जातं. कागदावरचं निदान वाचावं तरी लागतं.

आता तुझा मुद्दा. तू लिहितोस की हल्लीची मारामारी जुन्या इंग्रजी पिक्चरपेक्षा जोरदार असते. थेटरात सत्तावीस वर्षं मशीन चालवलंस आणि शिकलास काय, तर हे. पालथ्या घड्यावर पाणी. अरे, हल्ली माणूस विसाव्या मजल्यावरून पडतो आणि उठून शर्ट झटकतो. तो पडतो, त्याचं वजन पडत नाही. जुन्या हॉलीवूडमध्ये हिरोला पहिल्या रिळात मांडीत गोळी लागली, तर शेवटच्या रिळापर्यंत तो लंगडत असे. दुखणं म्हणजे दुखणं. गाडी उलटली तर खरीच उलटायची आणि तिच्यात खराच कुणीतरी वेडा बसलेला असायचा.

एकच दोष मी कायम काढत आलो. दात. चाळीस वर्षं कवळ्या करतोय, मला दुसरं काही दिसतच नाही. त्या तेलविहिरीवरच्या मारामारीत हिरोच्या जबड्यावर एकोणतीस ठोसे बसतात, मी मोजलेत. आणि शेवटी तो बाईकडे बघून हसतो तर बत्तीसच्या बत्तीस जागेवर. सगळ्यांचे जबडे असे असते तर मी उपाशी मेलो असतो.

मारामारी एक वेळ पोरखेळ म्हणून सोडून दे. ड्रामा बघ. लाकूडगिरणीवाल्या म्हाताऱ्याचा पिक्चर आठवतो? तुझ्याच थेटरात अकरा वेळा पाहिला. मुलगी लाकूडतोड्याबरोबर पळून जाते, पस्तावून परत येते, बर्फात उभी राहून दार ठोठावते. म्हातारा आत टेबलाशी बसलेला. चमचा तोंडाशी थांबतो. आपल्याला वाटतं, आता उठणार. उठत नाही. चमचा तोंडात जातो. पडदा काळा. संपलं. याला म्हणतात पिक्चर. हल्लीचा कोणी असता तर म्हाताऱ्याला रडवला असता आणि मागे व्हायोलिन लावलं असतं.

आणि तुझी बहीण. जाईपर्यंत म्हणत राहिली की म्हातारा कंदील घेऊन बाहेर जातो आणि मुलीला घरात आणतो. झोपेत पिक्चर बघणारी बाई मी एकच पाहिली. पाहुणे आले की मी मुद्दाम तिला तो शेवट सांगायला लावायचो. काय हसायचे सगळे.

पत्राच्या शेवटी तू ठकीचं नाव काढलं आहेस. मला मुलगी होती हे मी एकोणीस वर्षांपूर्वी विसरलो. तूही विसर. खालची कवळी टोचते म्हणतोस तर ये, घासून देतो. चाकूने कुरतडत बसू नकोस, ते काम आहे, नखं कापणं नाही.

दाजी


१९ जानेवारी

दाजी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पालथा घडा म्हणालात, ठीक आहे. पण तुम्ही पिक्चर खुर्चीत बसून पाहिलेत, मी हातभर खिडकीतून, मशीनच्या खडखडाटात. मला संवाद कधी ऐकू आले नाहीत. म्हणून मला जुन्यातले लोक आवडायचे ते त्यांच्या पाठीमुळे. जुने नट पाठमोरे असले तरी कळायचं माणूस हरलाय की जिंकलाय. हल्लीच्यांना पाठच नाही. मारामारीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

ठकीचं मात्र मागे घेत नाही. ती चार महिन्यांपासून माझ्याकडे आहे. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तिला तुमच्याकडे एकदा यायचं आहे. राहायला नाही, मागायला नाही. एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून नीट व्हायचं नाही. काय काम, ते तिनेच तुमच्यासमोर सांगायचं असं ठरवलं आहे. मला शपथ घातली आहे, म्हणून मी लिहीत नाही.

दाजी, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. दार उघडा एवढंच म्हणतोय.

तुमचा,
ऑपरेटर


२८ जानेवारी

मेव्हण्या,

नको म्हटलं तरी नाव काढलंस. मग आता ऐक.

ठकी बावीस वर्षांची होती. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून चार वर्षं काम शिकली. मेणात दात लावायला बसली की मीही हातातलं सोडून बघत राहायचो. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे तुला आज सांगतो, तिला कधी सांगितलं नाही. आणि ती गेली कुणाबरोबर, तर अँब्युलन्स चालवणाऱ्याबरोबर. त्याचं आधी एक लग्न होऊन मोडलेलं. मोडकी भांडी जोडायची हौस होती तर माझ्याकडे प्लास्टरचे तुटके जबडे ढिगाने पडले होते.

आठ दिवसांनी ती परत आली. पाया पडायला आले म्हणाली. मी जेवत होतो. तुझी बहीण उठली, मी तिला हाताने खाली बसवलं. ठकी दार वाजवत होती. मी चमचा खाली ठेवला नाही. अगदी त्या गिरणीवाल्यासारखा बसलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तोच आठवला. त्याला जमतं तर मला जमेल, असं मनात म्हटलं आणि जमलं. तिची बॅग आधीच बाहेर काढून ठेवली होती. लोक मला दगड म्हणतात. मी म्हणतो, मी पिक्चर नीट पाहिला.

तुझी बहीण गेली त्या दिवशीही ती आली होती, समोरच्या फुटपाथवर उभी होती. मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

आता पुन्हा तेच लिहिलंस तर तुझी पत्रं न फोडता परत येतील. तुझी बहीण गेली तेव्हाच आपलं नातं अर्धं संपलं आहे, उरलेलं अर्धं माझ्या मर्जीवर आहे.

दाजी


२ मार्च

दाजी,

एक महिना पत्र लिहितोय आणि फाडतोय. आज टाकतोच. परत पाठवायचं तर वाचून पाठवा.

तो गिरणीवाल्याचा पिक्चर लागला, त्या दिवशी दुपारचा खेळ पूर्ण झाला. संध्याकाळच्या खेळाला मी शेवटचं रीळ मशीनवर चढवलं, सुरू केलं आणि बाहेर जिन्यात विडी ओढायला गेलो. फिल्म आत अडकली. दिव्याने ती जळाली आणि दात्यांनी चावून तिच्या चिंध्या केल्या. मी धावत आलो तेव्हा खाली पडदा काळा होता. म्हाताऱ्याने चमचा तोंडात घातला होता, आणि पुढे काही नाही.

मला वाटलं, आता खुर्च्या तुटणार, नोकरी जाणार. पण लोक गपचूप बसून होते. मग हळूहळू उठले. मालक वर आला, त्याचे डोळे ओले. म्हणाला, काय शेवट केलाय रे. मी तोंड उघडलंच नाही. चिंध्या डब्यात भरल्या, डब्याला झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे मी तो पिक्चर चमच्यापाशी थांबवला. डबे मोजून परत गेले, आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. अकराही वेळा तुम्ही तेवढाच पाहिलात. शेवटची अकरा मिनिटं तुम्ही कधी पाहिलीच नाहीत.

अक्का पहिल्या दिवशी दुपारी शेजारणीबरोबर येऊन गेली होती. तिने सगळा पाहिला होता. म्हातारा उठतो, कंदील घेतो, बाहेर जातो, मुलीला शोधून घरात आणतो. ती खरंच सांगत होती.

तुम्ही पाहुण्यांसमोर तिला हसायचात तेव्हा मी तिथेच बसलेला असायचो. मीही हसायचो. सुरुवातीला नोकरीच्या भीतीने, मग थेटर बंद पडल्यावर लाजेने, मग सवयीने. शेवटच्या आजारात तिने माझा हात धरून विचारलं, "तू तर मशीनवर होतास, तू तरी सांग ना रे, जातो की नाही तो बाहेर?" मी म्हटलं, "आठवत नाही, अक्का." माझ्या हातून झालेल्या सगळ्या पापांत हे मोठं आहे, आणि ते मी कुणावर ढकलू शकत नाही.

ठकी दार वाजवत होती तेव्हा तुम्हाला तो म्हातारा आठवला, हे तुमच्या मागच्या पत्रात वाचलं. अर्ध्या पिक्चरवर तुम्ही पोरीला बाहेर ठेवलंत, आणि तो अर्धा मी केला.

ऑपरेटर


९ मार्च

मेव्हण्या,

खोटं बोलतोस. पोरीसाठी गोष्ट रचली आहेस. रचायला बुद्धी लागते, म्हणून मला थोडं नवल वाटतंय एवढंच.

त्या पिक्चरला दुसरा शेवट असूच शकत नाही. जो माणूस चमचा तोंडात घालतो तो उठत नाही. मी माणसं ओळखतो.

पुरावा असेल तर पाठव. नसेल तर पुन्हा लिहू नकोस.

दाजी


१४ मार्च

दाजी,

जुन्या इंग्रजी पिक्चरच्या डिस्क जमवणारा एक माणूस शोधला. त्याच्याकडे पूर्ण पिक्चर मिळाला. पोस्टात टाकत नाही, तुटेल. रविवारी सकाळी एक बाई घेऊन येतील. लांबून येणार आहेत, तब्येत बरी नसते. त्यांना आत बसवा, घोटभर पाणी द्या. त्यांचं तुमच्याकडे कामही आहे. दाजी, घाई करू नका, नीट ऐकून घ्या.

ऑपरेटर


१८ मार्च

मेव्हण्या,

डिस्क मिळाली. आधी तुझ्या त्या बाईचं सांगतो, कारण तुला माणसं पाठवायचीही अक्कल नाही.

तोंडाला स्कार्फ, डोक्यावर केस नावाला, आणि बोलणं सगळं नाकातून. एक शब्द कळेल तर शपथ. दारात उभी राहून तेच तेच म्हणत होती. मी म्हटलं, बाई, डिस्क द्या आणि जा. जाईना. मग स्कार्फ खाली केला. सवयीने मी टॉर्च घेतला आणि म्हटलं, उघडा तोंड. डावीकडचा वरचा जबडा गेलेला, टाळूला हे एवढं भोक. चांगल्या डॉक्टरने कापलं होतं, पण वर बसवायला जी प्लेट लागते ती कुणी धड केलेली नाही. तिला तीच हवी असणार. मी म्हटलं, बाई, असली कामं मी सोडली. आणि खरं सांगायचं तर एवढं गेल्यावर प्लेट बसवणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग लावणं. खाल काय आणि बोलाल काय, ऐकायला आहे कोण? तरी उभीच. डोळ्यांतून पाणी काढायला लागली. मला पिक्चरची घाई होती, मी दार लावून घेतलं. पुन्हा असले रोगी माझ्या दारात पाठवू नकोस.

आता पिक्चर. शेवटचं रीळ वाईट आहे. साफ वाईट. वाऱ्यात कंदील विझत नाही. बर्फ मिठासारखा दिसतो. मुलगी गिरणीत लाकडांच्या ढिगाआड बसलेली सापडते, म्हातारा एक शब्द बोलत नाही, तिला घरी आणून खुर्चीत बसवतो आणि गुडघ्यांवर बसून तिचे ओले बूट काढतो. दिग्दर्शक शेवटी घाबरला, दुसरं काय. तुझ्या विडीने तो पिक्चर सुधारला होता, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी शेवटची अकरा मिनिटंच पाहिली.

कंदील त्याच्या डाव्या हातात आहे. तुझी बहीण नेहमी सांगायची, डाव्या हातात होता, उजव्याने तो भिंत चाचपत होता. पाहुणे त्यावरच जास्त हसायचे. तो भिंतच चाचपत जातो रे. तिने सगळं जसंच्या तसं पाहिलं होतं आणि मी तिला वीस वर्षं वेड्यात काढली. आता कुणाला सांगू? ती नाही. घरात मी एकटा बोलत बसलोय. मला हे सोसत नाही.

ठकीला पाठव. काम असेल ते असो, करीन. मी खाली उतरून येणार नाही, गुडघे गेले. पण दाराची कडी परवापासून काढून ठेवली आहे. तिचं स्टूल पुसून ठेवलंय. ती येईल तेव्हा मी फार बोलणार नाही, तिलाही सांग फार बोलू नकोस. लवकर पाठव.

दाजी


२२ मार्च

दाजी,

ती बाई ठकी होती.

आजार तुम्ही बरोबर ओळखलात. डावा वरचा जबडा, सहा महिन्यांपूर्वी काढला. डॉक्टर चांगला होता, तेही बरोबर. प्लेट धड नाही, तेही बरोबर. तिला तीच तुमच्याकडून करून हवी होती, तेही तुम्ही ओळखलंत. चुकलात ते फक्त माणसात. दारात तेच तेच म्हणत होती म्हणालात, ती "बाबा" म्हणत होती.

तुमचं पत्र मी तिला दाखवलं नाही. तिने टेबलावरून उचललं आणि वाचलं. सगळं वाचलं, कडी काढल्याचंही. घडी घालून परत ठेवलं आणि माझे कपडे वाळत घालायला गेली.

मी तिच्या पाया पडलो, म्हटलं, चल, मी बरोबर येतो. तिने मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा विचारायची माझी छाती नाही.

ऑपरेटर


२४ मार्च

मेव्हण्या,

साचा पाठव. तिच्या तोंडाचा साचा घे, हॉस्पिटलात घेतात, नाहीतर आधीचा असेल तो पाठव. तिने यायला नको. तिने माझं तोंड बघायला नको. मी सगळं काम बाजूला ठेवलंय. तीन दिवसांत प्लेट करून देतो, अशी की पाण्याचा थेंब नाकात जाणार नाही आणि बोलणं घंटेसारखं खणखणीत होईल. टाळूचं काम माझ्यासारखं कुणाला येत नाही, तिलाही ठाऊक आहे. कडेला जाडी किती ठेवायची ते तिनेच चिठ्ठीवर लिहून पाठवावं, तिला कळतं.

तू गप्प बसण्यात पटाईत आहेस, पण या वेळी गप्प बसू नकोस. साचा पाठव. मी हात जोडतो.

दाजी


५ एप्रिल

बाबा,

मामाने तुमचं पत्र दिलं. उत्तर मी लिहिते. बोलण्यापेक्षा लिहिणं मला हल्ली सोपं जातं.

त्या रविवारी मामाने एक चिठ्ठी दिली होती, मी कोण आणि कशाला आले ते लिहून. ती मी पिशवीतून काढली नाही. म्हटलं, बाप आहे, कळेल त्याला. तुम्ही टॉर्च लावलात, हनुवटीखाली बोटं घालून मान वर केलीत. बोटांना प्लास्टरचा वास येत होता. एकोणीस वर्षांनी तुमचा हात लागला म्हणून मी तोंड मिटलंच नाही, जबडा दुखत होता तरी. मला वाटलं, एवढ्या जवळून बघताय, आता ओळखाल. मग तुम्ही भिंतीचं बोललात.

दार लावल्यावर मी जिन्यात बसले. आत पिक्चर सुरू झाला. तो मी पाहिलेला नाही, जिन्यात बसून ऐकला. त्यातली मुलगी दार वाजवायला लागली तेव्हा मीही तुमच्या दारावर थाप मारली. दोनदा मारली. तुम्ही आवाज वाढवलात. मग मी उठून गेले.

हॉस्पिटलातल्या माणसाने आता नवीन प्लेट करून दिली आहे. चांगली नाही. डाव्या कडेला जाड झाली आहे, पाणी अजून नाकातून येतं, बोलले की निम्मा आवाज सुटतो. तुमच्या हातची असती तर असं झालं नसतं. मी तुमच्याच शेजारी बसून शिकले, मला त्यातलं कळतं. रोज सकाळी बसवताना थोडं रक्त येतं. तरी मी हीच घालणार आहे.

मामावर रागावू नका. त्याने फार उशिरा सांगितलं, पण सांगितलं. आईचं तुम्हाला पटलं हे वाचून बरं वाटलं. ती असती तर तुम्हाला लगेच माफ करून मोकळी झाली असती. मी तिच्यासारखी नाही, तुमच्यावर गेले.

साचा पाठवणार नाही. दाराला आतून कडी लावून घेत जा, एकटे असता.

ठकी